लढाई चालू आहे, राष्ट्राध्यक्ष निवडायचाय आणि ठरत नाहीये? मग असं करा

आधीच सांगतो, मुलुंडमध्ये बसून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल शहाणपण शिकवणारा हा कोण टिकोजीराव असं वाटणार असेल तर वाटू दे. आपल्याकडे राष्ट्रपतीला आपण मत देतच नाही, ते काम खासदार-आमदारांचं, आणि खरा कारभार पंतप्रधानाच्या हातात. पण पार्ले, दादर, मुलुंड कुठेही बघा, कुणाचा ना कुणाचा भाऊ, बहीण, भाचा तिकडे जाऊन सिटिझन झालेला असतो आणि निवडणूक जवळ आली की रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येतपाणी विचारून झालं की गाडी तिकडेच वळते. माझी मावसबहीण पेन्सिल्वेनियात असते. भावजींचं ठरलेलं असतं, भाच्याचं बरोब्बर उलटं ठरलेलं असतं आणि ताई मधल्यामध्ये. एरवी ती टॅक्स, इन्शुरन्स, शाळा असं बघून ठरवून मोकळी होते, पण कुठेतरी लढाई चालू असली की तिचा पार गोंधळ उडतो, कारण मग दोन्हीकडचे लोक देशप्रेमाच्या भाषेत बोलायला लागतात आणि कुणाला काही विचारायचीच चोरी. तिला वेळोवेळी जे सांगत आलो तेच इथे एकत्र लिहितोय. ज्यांचं आधीच ठरलंय त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

सुरुवात इथून करा: राष्ट्राध्यक्षाच्या हातात नक्की काय असतं. हे बघितल्याशिवाय जाहीरनामा वाचायलाच घेऊ नका. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा म्हणजे त्यांच्या संसदेचा, पण काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, अफगाणिस्तान, इराक झालं, एकाही ठिकाणी तसं जाहीर केलेलं नाही, कधी नुसता ठराव करून परवानगी दिली तर कधी तेही नाही. व्हिएतनामचा हात पोळल्यावर १९७३ मध्ये कायदा केला की सैन्य लढाईत घातलं तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत आवरतं घ्यायला लागायचं, पण दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी तो कायदा आपापल्या सोयीने वाकवलाय. याचा मतदाराच्या दृष्टीने अर्थ काय, तर टॅक्स कमी करीन, औषधं स्वस्त करीन ही आश्वासनं काँग्रेसमध्ये अडकू शकतात, अर्धी तिथेच मरतात. लढाईत तसं नाही. कुठला जनरल ठेवायचा, कुठे बॉम्ब टाकायचा, बोलणी कधी सुरू करायची, हे त्या एका माणसाच्या टेबलावर ठरतं. म्हणून एरवी तुम्ही माणसापेक्षा पक्ष बघत असाल तर या वेळी माणूस जास्त बघा.

आता आश्वासनं. लढाईच्या काळातलं आश्वासन ऐकलं की वही घ्या आणि शेजारी लिहा, हे पूर्ण व्हायला कुणाकुणाची सही लागणार आहे. एवढंच करा, बघा किती हवा निघून जाते. 'मी लढाई थांबवीन' याला समोरच्या शत्रूची सही लागते, बहुतेक वेळा दोस्त देशांचीपण लागते, आणि ते काही पेन्सिल्वेनियात मत द्यायला येणार नाहीत. इतिहास तर भरलेला आहे याने. १९१६ साली विल्सनचा प्रचारच असा होता की याने आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं, निवडून आला आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात. १९४० मध्ये रूझवेल्टने ऑक्टोबरच्या शेवटी बोस्टनमध्ये आईबापांना शब्द दिला की तुमची मुलं परक्यांच्या लढाईत पाठवणार नाही, पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं, आता तिथे जपानने हल्ला केला तर बिचारा काय करणार, पण शब्द तो शब्द. १९६४ मध्ये जॉन्सन म्हणत होता की आशियातल्या पोरांनी जी लढाई लढायची ती लढायला मी आपली पोरं नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही, आणि मार्च १९६५ मध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन उतरले, वर्षाच्या शेवटी व्हिएतनाममध्ये पावणेदोन लाखांच्या वर अमेरिकन सैनिक होते. तिघेही खोटारडे होते असं माझं म्हणणं नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत त्या, पण ऑक्टोबरमधला शब्द पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल हे धरून मत देऊ नका.

याच्या उलट आयझेनहॉवर. १९५२, कोरियाची लढाई अडकून पडलेली, आणि हा डेट्रॉइटच्या भाषणात म्हणाला की मी स्वतः कोरियाला जाईन. जिंकून देईन म्हणाला नाही, अमुक दिवसांत संपवीन म्हणाला नाही. जायला कुणाची सही लागत नाही, विमानात बसायचं. निवडून आल्यावर शपथ घ्यायच्या आधीच डिसेंबरमध्ये जाऊन आला, आणि जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. त्यात बाकी बरीच कारणं होती, स्टालिन मार्चमध्ये गेला हे एक मोठं, पण मुद्दा असा की ज्या उमेदवाराचं आश्वासन छोटं आणि तपासता येण्यासारखं असतं त्याने निदान त्या विषयाचा विचार केलेला असतो. मोठ्ठं आणि गोल आश्वासन देणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त सभेचा विचार केलेला असतो.

मग रेकॉर्ड काढा. उमेदवार सिनेटर किंवा काँग्रेसमन राहिलेला असेल तर त्याने कुठल्या ठरावावर काय मत दिलं ते सगळं सरकारी साइटवर फुकट मिळतं, तारखेसकट. पण एक काळजी घ्या, नुसतं हो की नाही बघून थांबू नका, त्याच दिवशी तो काय बोलला तेही वाचा. २००४ चं उदाहरण घ्या, ताई नुकतीच सिटिझन झाली होती, इराक पेटलेलं, आणि खुर्चीवर असलेला राष्ट्राध्यक्ष बुश विरुद्ध सिनेटर केरी. केरीने ऑक्टोबर २००२ मध्ये इराकच्या ठरावाला होकार दिलेला, सिनेटमध्ये तो ७७ विरुद्ध २३ ने पास झाला. वर्षाने लढाईसाठी ८७ अब्ज डॉलर्सचं बिल आलं त्याला त्याने नकार दिला. वर प्रचारात म्हणून बसला की मी आधी त्याच्या बाजूने मत दिलं होतं आणि मग विरोधात दिलं. झालं, बुशच्या लोकांना आयतं कोलीत मिळालं, जाहिरातच केली. आता यात खरं काय होतं, तर आधी एक दुरुस्ती होती की हे पैसे श्रीमंतांची टॅक्सची सूट कमी करून उभे करा, तिला त्याने होकार दिला, ती पडली, मग मूळ बिलाला नकार. पटो न पटो, त्याला काहीतरी लॉजिक होतं. जाहिरातीत ते लॉजिक नव्हतं आणि केरीच्या स्वतःच्या वाक्यातपण नव्हतं, हे जास्त वाईट. पण ऑगस्टमध्ये त्याच केरीने ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून सांगितलं की आज माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तरी मी तो अधिकार द्यायला होच म्हटलं असतं, आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्याच लढाईवर सडकून टीका. हा नक्की कुठल्या बाजूला, ही ताईची शंका इथे मात्र रास्त होती.

बुशच्या बाजूला रेकॉर्ड म्हणजे लढाईच. मे २००३ मध्ये विमानवाहू जहाजावर मोठ्या लढाया संपल्या म्हणून सांगितलं, मागे मोहीम फत्ते म्हणून बॅनर, आणि सप्टेंबर २००४ पर्यंत मेलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा हजाराच्या वर गेला होता. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी इराकमध्ये गेले ती तिथे नव्हती हा अहवाल मतदानाच्या महिनाभर आधी ऑक्टोबरमध्ये आला. दुसरीकडे त्याचे समर्थक म्हणत की हा निदान एका जागी उभा राहतो, आणि लढाईत तेही काही कमी नाही.

आता माझ्या मते जी सगळ्यात महत्त्वाची परीक्षा आहे तिच्याकडे येतो, बाकी विसरलात तरी चालेल. ८ ऑक्टोबर २००४, सेंट लुइसची डिबेट. इकडे शनिवारी सकाळचे साडेसहा, मी चहा घेऊन टीव्हीसमोर. त्या डिबेटमध्ये प्रश्न विचारणारे पत्रकार नव्हते, साधे मतदार होते, मुद्दाम पक्कं न ठरलेले असे निवडून बसवलेले, म्हणजे आमच्या ताईचीच जमात. शेवटाला एक बाई उठल्या आणि बुशला म्हणाल्या की तुम्ही हजारो निर्णय घेतलेत, त्यातले तीन सांगा जे चुकले असं तुम्हाला नंतर कळलं, आणि ते सुधारायला तुम्ही काय केलंत. बास. इतका साधा प्रश्न, पण बघा त्यात काय काय आहे: चूक झाली हे मान्य आहे का, ती कळली कशी, आणि कळल्यावर काय केलं. बुशने उत्तर दिलं की मोठे निर्णय, अफगाणिस्तान, इराक, बरोबरच होते, काही माणसं नेमताना चुका झाल्या पण टीव्हीवर नावं घेऊन त्यांना दुखवायचं नाही. एकही नाव नाही, एकही तारीख नाही. एप्रिलमध्येही पत्रकारांनी असाच प्रश्न विचारला होता तेव्हाही त्याला चटकन काही सुचलं नव्हतं. आणि केरी? तो पहिल्या डिबेटमध्ये म्हणाला होता की मी बोलण्यात चूक केली, यांनी आक्रमण करण्यात केली, कुठली मोठी. टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण नीट ऐका, त्यानेही फक्त बोलण्यातली चूक कबूल केली, ठरावाला दिलेल्या मतातली नाही. म्हणजे दोघांनीही खरा प्रश्न बाजूने सोडून दिला, एकाने ठामपणाच्या नावाखाली आणि एकाने चलाखीने.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. बुश ओहायोच्या सुमारे १ लाख १८ हजार मतांच्या जोरावर परत आला, आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड गेला तो नोव्हेंबर २००६ मध्ये, काँग्रेसच्या निवडणुकीत मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. इराकमधली पद्धत बदलतोय आणि सैन्य वाढवतोय हे जाहीर झालं जानेवारी २००७ मध्ये. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर यायला दोन वर्षं लागली. केरी असता तर लवकर आलं असतं का, ते मला सांगता यायचं नाही.

हे का इतकं ताणतोय, तर आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बघितल्यात म्हणून. बिल्डर येतात, स्क्रीनवर चकाचक टॉवर, आणि सगळे विचारतात कार्पेट किती देणार, पार्किंग किती देणार. पहिल्या मजल्यावरचे एक काका, रिटायर्ड बँकवाले, शेवटपर्यंत गप्प बसतात आणि मग प्रत्येकाला एकच विचारतात, काम अर्ध्यात अडकलं आणि आमचं भाडं बंद झालं तर तुम्ही काय करणार, बँक गॅरंटी किती, ती आम्हाला कुठल्या कलमाखाली मोडता येते. एकजण हसला, म्हणाला, 'काका, आपल्यात असं होणारच नाही.' दुसऱ्याने फाइल उघडून पान दाखवलं. मीटिंग तिथेच संपली. लढाईतल्या उमेदवाराला हेच विचारायचं. जिंकणार का हे विचारून फायदा नाही, सगळे हो म्हणतात. विचारा की काय झालं तर तू मत बदलशील. अमुक महिन्यांत अमुक झालं नाही तर काय करशील. तुम्हाला समोरासमोर विचारायला मिळणार नाही हे खरं, पण मोठ्या मुलाखतींमध्ये कुणीतरी हे विचारतंच, दहा सेकंदांची क्लिप बघू नका, तो पूर्ण तुकडा शोधून काढा आणि ऐका. घाम फुटतो का बघा.

आणि युनिफॉर्मला भुलू नका बरं का. केरी व्हिएतनाममध्ये पदकं मिळवून आला होता, बुश टेक्सासच्या नॅशनल गार्डमध्ये होता, सगळा उन्हाळा त्यावर भांडणात गेला आणि त्याचा इराकशी काडीचा संबंध नव्हता. १८६४ मध्ये, त्यांचं यादवी युद्ध चालू असताना, लिंकनच्या समोर उभा होता तो मॅक्लेलन, खराखुरा जनरल, आणि लिंकनने स्वतः तरुणपणी थोडे दिवस मिलिशियात काढलेले, लढाई अशी बघितलीच नव्हती. रूझवेल्टने तर युनिफॉर्म कधी घातलाच नाही.

माणसाबरोबर त्याच्या आजूबाजूची माणसं बघा, विशेषतः उपराष्ट्राध्यक्ष. रूझवेल्ट १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आला, जानेवारी १९४५ मध्ये शपथ, १२ एप्रिलला वारला. त्याचा उपराष्ट्राध्यक्ष ट्रूमन, त्याला अणुबॉम्बच्या कामाचा पत्ताच नव्हता, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये तो बॉम्ब त्याच्या हुकमाखाली पडला. १९४४ च्या मतदारांपैकी किती जणांनी ट्रूमनचा विचार करून मत दिलं असेल? मुंबईकरांना तर हे सांगायलाच नको. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून कृष्ण मेनन दणक्यात निवडून आले, आचार्य कृपलानींना पाडून, तेव्हा ते देशाचे संरक्षणमंत्री होते, नेहरू स्वतः पाठीशी उभे. ऑक्टोबरमध्ये चीन चाल करून आला आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत मेननचं संरक्षण खातं गेलं, मग यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे ते तेव्हाचंच. लढाई येईल तेव्हा संरक्षण खात्यात कोण बसलेलं असेल हा प्रश्न मतदान करताना डोक्यात नसतो, तो मुद्दाम आणायला लागतो. म्हणून उमेदवाराने संरक्षण आणि परराष्ट्र खात्यासाठी कुणाची नावं घेतलीत, कोण सल्लागार म्हणून फिरतंय, आणि त्यातला एक तरी त्याला तोंडावर नाही म्हणेल असा आहे का, एवढं बघा.

शेवटच्या पंधरवड्याची वेगळी काळजी. ऑक्टोबरच्या शेवटाला काहीतरी होतंच. १९६८ मध्ये ३१ ऑक्टोबरला जॉन्सनने उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवले. १९७२ मध्ये २६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष निक्सनचा सल्लागार किसिंजर व्हिएतनामबद्दल म्हणाला की शांतता हाताशी आलीय, निक्सन ४९ राज्यं जिंकला, आणि डिसेंबरमध्ये नाताळाच्या आसपास हनोईवर तुफान बॉम्बहल्ले झाले, करार जानेवारीत. २००४ मध्ये २९ ऑक्टोबरला बिन लादेनची टेप. यातली प्रत्येक बातमी खरी होती, मुद्दा तो नाहीच, मुद्दा हा की तिचा अर्थ लागायला महिने लागतात आणि तुम्हाला मत मंगळवारी द्यायचंय. मी ताईला सांगतो की तारीख ठरव, समजा २० ऑक्टोबर, तोवर काय ते वाचून ठरव आणि नंतर फॅमिली ग्रुप म्यूट कर. भावजींचे फॉरवर्ड तर उघडूच नकोस. लढाईचे म्हणून फिरणारे व्हिडिओ कितीतरी वेळा जुन्या, भलत्याच देशातल्या लढाईचे असतात, आणि व्हिडिओ गेममधले तुकडे खरी लढाई म्हणून फिरलेत हे तर आता नवीन राहिलेलं नाही.

व्हिसाचं काय, हे भाचा विचारतो. विचारायला हरकत नाही, पण वेगळ्या पानावर लिही म्हणावं. एच-वन बीचं काय होईल आणि लढाईचं काय होईल हे एकाच तराजूत टाकलं की दर वेळी घरातला प्रश्न जड होतो, आणि मग आपण लढाईवर मत दिलं असं स्वतःला सांगत बसतो. दोन पानं भरा, मग ठरवा कुठलं पान तुमच्यासाठी मोठं. मोठं व्हिसाचं निघालं तर निघालं, लाज कसली त्यात.

राज्यसुद्धा बघा. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर, ती एकूण ५३८, २७० ला जिंकतात, आणि बहुतेक राज्यांत पहिला येणारा सगळी घेऊन जातो. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटच्या खात्यात, त्यामुळे तिथल्या एडिसन गावातल्या माणसाला दोघेही नको असतील आणि निषेध म्हणून तिसऱ्याला मत द्यायचं असेल तर त्याचा हिशोब वेगळा. पेन्सिल्वेनियात चुरस असते, तिथे तशी चैन परवडत नाही. तिथे दोघांतला कमी वाईट कोण हेच ठरवायला लागतं, आणि ते ठरवायला वरचा चुकांबद्दलचा प्रश्न पुरतो.

आता कामाचं. मत फक्त सिटिझनला. ग्रीनकार्डवाल्याने हौसेने किंवा चुकून नाव नोंदवून मत दिलं तर देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं, तेव्हा घरातल्या कुणाचं सिटिझनशिपचं प्रकरण अजून चालू असेल तर त्याला लांब ठेवा. पेन्सिल्वेनियात नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. पोस्टाने देणार असाल तर मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत निवडणूक ऑफिसात पोचायला हवी, त्या दिवशी पोस्टात टाकली म्हणून चालत नाही. आणि दोन पाकिटं असतात, मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग ते बाहेरच्यात. आतलं वगळलं तर मत बाद. बाहेरच्यावर सही आणि तारीख. चिकटवायच्या आधी घरात कुणाला तरी दाखवून घ्या, आत काय खूण केलीय ते नाही, पाकिटं दोन आहेत ना तेवढंच.